स्तोत्र २३ तालात बसेना, काय करू?

पेटीवाला_नगर
आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी पेटी मी वाजवतो. पाळकसाहेबांचं म्हणणं, स्तोत्र २३ पवित्र शास्त्रात (बायबलात) आहे तसंच गायचं, एक शब्दही बदलायचा नाही. भूप रागात चाल बांधली. पहिली ओळ झकास बसते. पुढच्या ओळी लांबलचक, सम (तालाची पहिली मात्रा) आली तरी शब्द उरलेलेच. त्यात एका काकांची कुरकुर, की तबला-झांजा म्हणजे देवळातलं भजन.

अल्टोबाई
तालाचा हट्ट सोडा. मूळ हिब्रूत ठरलेलं यमक नाहीच. ओळीचा दुसरा भाग पहिल्याला साद देतो. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) पद्धतीत बहुतेक शब्द एकाच सुरावर म्हणतात, सूर हलतो तो अर्ध्या ओळीच्या शेवटी. अर्धी ओळ तुम्ही म्हणा, अर्धी मंडळी. पेटीवर नुसता सा धरा.

जुना_कीर्तनकार
तालच हवा तर शब्द हलवावे लागणार. जिनिव्हात धर्मसुधारक काल्विनच्या काळी तेच झालं: कवी मारो आणि काल्विनचा सहकारी बेझा यांनी स्तोत्रं फ्रेंच पद्यात आणली, १५६२ साली दीडशेच्या दीडशे छापून निघाली. आपल्याकडे ना. वा. टिळकांनी अभंग-ओवीची वाट केव्हाच पाडून दिलीय. आणि काकांना स्तोत्र १५० वाचायला द्या. डफ आहे, झांजाही आहेत!

पेटीवाला_नगर
सा धरून पाहिला. ‘मृत्युच्छायेच्या दरीतून’ला सूर मंद्रात (खालच्या सप्तकात) नेला, बरं वाटलं. पण मागच्या बाकावरची पोरं आपली अर्धी ओळ भरधाव म्हणून मोकळी होतात. त्यांना कसं आवरायचं?