मदत हवी आहे: बँडचा आवाज भरायला गेलो, विचका झाला

नमस्कार मंडळी. इंदूरला आमचा चौघांचा बँड आहे: गिटार, तंबुरा, ढोलक, मंजिरे. माळव्यातली कबीर-भजनं आणि स्वतः बांधलेली मराठी गाणी. आवाज भरदार व्हावा म्हणून बेस गिटार आणि व्हायोलिन घेतलं, आणि पार काला झाला. (गोपाळकाला निदान चविष्ट तरी असतो!)

आमची गायिका काळी 3 मध्ये (म्हणजे F# सा धरून) गाते. गिटारवाला दुसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) लावून मोकळा होतो, पण बेसचा खालचा सा येतो साधारण 46 हर्ट्झवर. त्यात ढोलकच्या डाव्या पुडीचा घुमार मिसळला की दोन्ही वेगळे कळतच नाहीत. मिक्सरवर गिटारचा 100 हर्ट्झखालचा भाग कापून पाहिला. शब्द थोडे उघडले, एवढंच. व्हायोलिननं सूर लांबवला की तंबुऱ्याची झणकार मात्र मरते, आणि तीच तर आमची ओळख.

बेस एक सप्तक वर वाजवावा, की फक्त अंतऱ्यात आणावा? की बेस सोडून पेटी घ्यावी? गणपतीत कार्यक्रम आहे, जागा छोटी. ढोलकवाला आत्ताच रुसलाय, तेव्हा 'ढोलक काढा' सोडून काहीही सुचवा.