मदत हवी आहे: जुन्या इरकलीची पॅचवर्क बॅग शिवताना कापडच फाटतंय

धागाकर्ती: नमस्कार. गेली दोन वर्षं मी घरी पॅचवर्कच्या बॅगा शिवते आणि कोथरूड-कर्वेनगर भागातल्या प्रदर्शनांत अर्धा स्टॉल घेऊन विकते. खण आणि अजरखची कातरणं, आत अस्तर, मधे फोम. नवं कापड आता हाताला बसलंय, अडलंय ते जुन्यापाशी.

मागच्या प्रदर्शनात सहकारनगरच्या एक काकू पिशवीतून त्यांच्या सासूबाईंचं नऊवारी इरकली लुगडं घेऊन आल्या. गर्द हिरवं, लाल पदराचं. "तिघी नातींना एकेक बॅग करून दे." मी हरखून हो म्हटलं. आगाऊ पैसे मागायला जीभ रेटली नाही.

चार इंची चौकोन कापले, पाव इंच दाब (टिपेबाहेरची कड) धरून जोडले. शेवटी बॅग सुलटी करायला ओढली आणि टर्रकन आवाज! टीप शाबूत, टिपेच्या कडेने कापड गेलेलं. दुसरी जपून शिवली, ती चेनपाशी उसवली. सुई १६ नंबरची, टाका मुद्दाम बारीक ठेवला होता, मजबुतीसाठी. निम्म्याहून जास्त लुगडं आणि अख्खा पदर शिल्लक आहे, पण कात्री लावायचा धीर होत नाही. काकूंना अजून सांगितलेलं नाही. त्यांचा फोन वाजला की पोटात गोळा येतो.

कापड वाचवायचं कसं? आणि अशा ऑर्डरचे पैसे तुम्ही किती लावता?

टाचणी: बारीक टाक्यानेच घात केला. विरलेल्या कापडाला १६ नंबरच्या जाड सुईने अगदी शेजारी शेजारी भोकं पाडलीत, म्हणजे पोस्टाच्या तिकिटाची कडच केलीत की. ११ नंबरची बारीक सुई लावा, टाका मोठा ठेवा. १६ नंबर शेवटी, जाड थर जोडताना. आणि कापायच्या आधी लुगडं उजेडासमोर धरा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं कापड आधी घडीवर विरतं. त्या रेघा खडूने आखून सोडून द्या.

ओसरी: माझी आई गोधडी शिवायची तेव्हा विरलेल्या लुगड्याचे तुकडे करत नसे. अख्खं अंथरायची, खाली दुसरं कापड, आणि वरून धावदोरा. तुम्हीही आधी गोधडी करा, मग बॅग कापा. खाली मलमल घ्या, अर्ध्या अर्ध्या इंचावर हाताने धावदोऱ्याच्या ओळी घाला, मग त्यातून चौकोन काढा. ताण मलमलीवर जातो, लुगडं नुसतं वर बसतं. वेळ लागेल, पण यात मशीन घाई करतं.

तुमच्या इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमी असेल तर दोन्ही सारखी म्हातारी होत नाहीत. विणताना पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, अंगाच्या ताण्यात अडकवलेला असतो, त्या सांध्यावरून चौकोन कापू नका. लाल पदरावर ओला पांढरा रुमाल दाबून बघा, रंग लागला तर फिक्या अस्तराला रामराम. तळ, चेनची कड आणि बेल्ट मात्र डेनिमचे करा. वजन पेलायचं काम आजींच्या लुगड्याला कशाला?

धागाकर्ती: ओसरीताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. गोधडी तर माझ्याच अंगावर असते रोज!

पैशांचं सांगते, हसू नका. मागच्या वेळी ६५० रुपयांच्या ११ बॅगा गेल्या. ७,१५० आले. स्टॉलचे माझ्या वाटचे ३,०००, चेन-फोम-बेल्टचे बॅगेमागे १८० धरून १,९८०, रिक्षा आणि चहापाणी ६००. उरले १,५७०. एका बॅगेला साडेचार तास लागतात. शिवणकामाच्या तासाला ३२ रुपयेही पडत नाहीत, आणि दोन दिवस उभं राहिले ते वेगळंच.

टाचणी: आणि त्यावर "कापड तर आमचंच आहे, मग स्वस्त ना?" हे ऐकायचं! कापड गिऱ्हाइकाचं असेल तर जास्त घ्यायचे, कमी नाही. नवा तागा बिघडला तर रविवार पेठेतून दुसरा आणता येतो, हे कुठून आणणार? निम्मे पैसे आधी. आणि कापड गेलं तर जबाबदारी कोणाची, ते घेतानाच कागदावर लिहून सही घ्या.

धागाकर्ती: काकूंना फोन केला. बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "दोन झाल्या तर दोन. पण तिसरीला काय सांगू, ते तूच येऊन सांग." पैशांचा विषय आजही राहिलाच. मलमल आणायला उद्या रविवार पेठेत जातेय. धावदोऱ्यासाठी शिलाईचाच दोरा दुहेरी घेतला तर चालेल का?