आयवाझोव्स्कीचं चेस्मेचं चित्र: रात्रीच्या आगीचा उजेड जमवायचा कसा?

रंगवेडा:
मंडळी, आयवाझोव्स्की या रशियन चित्रकाराचं १८४८ चं चेस्मेच्या लढाईचं (रशियन आरमार विरुद्ध तुर्की आरमार) चित्र बघून वेड लागायची पाळी आलीये. मध्ये जहाजं धडाधड पेटलेली, वर ढगांतून चंद्र, पुढे पाण्यात तुटक्या लाकडांना धरून तरंगणारी माणसं. ॲक्रिलिकमध्ये नक्कल करून बघतोय पण आग म्हणजे नुसता केशरी फराटा दिसतो आणि समुद्र डांबर ओतल्यासारखा. चंद्र काढला की आग मरते, आग भडक केली की चंद्र गायब. कसं करतात हे? आणि या बाबाने ती लढाई डोळ्यांनी बघितली होती का?

तैलवाली:
आधी काळ्या रंगाची ट्यूब कपाटात टाक. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून काळा कर, म्हणजे चंद्राकडे निळा जास्त आणि आगीकडे अंबर जास्त असा वळवता येतो. चंद्र आणि आग यांची उजेडात स्पर्धा लावायची नाही रे, फरक थंड-गरमचा ठेवायचा. सगळ्यात फिका पिवळा फक्त आगीच्या पोटात, तोही चिमूटभर, बाकी लालसर धूर. आणि धूर नीट बघ, त्याला आगीकडून तांबूस उजेड येतो आणि चंद्राकडून गार, अर्धी जादू तिथेच आहे. पाण्यात केशरी पट्टा सलग ओढू नकोस, लाटेची जी बाजू आगीकडे तोंड करून आहे तेवढ्यावरच आडवे तुटक फटकारे.

गलबत:
बघितली कसली, लढाई १७७० ची आणि हा जन्मला १८१७ ला, क्रिमियातल्या फिओदोसियाला. पण १८४४ पासून रशियन नौदलाचा अधिकृत चित्रकार होता त्यामुळे शिडं, दोर, डोलकाठ्या सगळं पाठ. आणि तो समुद्र आठवणीतूनच काढायचा, म्हणायचा की वीज, वारा, लाटेचा उसळता क्षण हे समोर बसून कॉपी करताच येत नाही.
तो पुढचा मचवा बघितलास ना? रशियनांनी जळाऊ माल भरलेली जहाजं तुर्की आरमारात घुसवली होती. लेफ्टनंट इल्यिनने आपलं जहाज तुर्की जहाजाला भिडवलं, पेटवून दिलं आणि माणसांसकट होडीत बसून सटकला, तीच ही होडी. चेस्मेची खाडी म्हणजे आजच्या तुर्कस्तानात इझमीरजवळ, तिथे सगळं आरमार दाटीवाटीने उभं, मग काय, एकाची आग दुसऱ्याला.
याच लढाईची चित्रं त्याच्या आधी हाकर्ट नावाच्या जर्मन चित्रकाराने काढली होती. जहाज उडताना कसं दिसतं ते त्याला माहीत नव्हतं म्हणून रशियन सेनापती ओर्लोवने १७७२ मध्ये इटलीत लिव्होर्नोजवळ खरंखुरं जहाज उडवून दाखवलं!! चित्रासाठी अख्खं जहाज, राव.

देवगडकर:
चित्र भारी आहे पण हे जिंकणाऱ्याच्या पगारावरचं चित्र आहे हेही ध्यानात असू द्या, पाण्यात बुडतायत ते तुर्की खलाशी. तरी त्याने ते अगदी पुढ्यात काढलेत, लपवले नाहीत, हे मला आवडतं. आपल्याकडे १७५६ मध्ये विजयदुर्गला असंच झालं, इंग्रजांचा एक गोळा तुळाजी आंग्र्यांनी पूर्वी पकडलेल्या जहाजावर पडला, ते पेटलं आणि बघता बघता सगळं आरमार जळालं. त्याचंही चित्र आहे, डॉमिनिक सेरेस नावाच्या चित्रकाराचं, पण तेही इंग्रजांच्या बाजूने. आपल्या बाजूचं कुणी काढलं असतं तर?

रंगवेडा:
जहाज उडवून दाखवलं?? इथे बायको मेणबत्ती लावू देत नाही. तैलवाली ताई, तेलात पातळ थर चढवत जातात तसं ॲक्रिलिकमध्ये पाणी घालून चालेल का?

तैलवाली:
फार पाणी घातलंस तर रंग धड धरत नाही, ग्लेझिंग मीडियम घे, म्हणजे रंग पातळ, पारदर्शक करायचा ॲक्रिलिकचाच द्रव. आणि ॲक्रिलिक वाळलं की एक छटा गडद होतं, त्यामुळे ओला असताना चंद्र जरा जास्तच फिका वाटू दे. अंधार आधी, मग आग, चंद्र सगळ्यात शेवटी.