अनुभव धागा: कार्यक्रम वाढत जाताना आपला गळा आपलाच कसा ठेवायचा?

गाणाऱ्याचं नाव होऊ लागलं की पहिला ताण येतो पट्टीवर (आपला षड्ज ज्या उंचीवर धरतो तिच्यावर), मग रियाजावर, मग साथीदारांशी असलेल्या नात्यावर. दोन-तीन मोसमांत गाणं लोकांना आवडेल असं होतं, पण ते कोणाचं आहे हे ओळखू येईनासं होतं. शिकवणारे, साथ करणारे, वाद्यं आणि ध्वनी सांभाळणारे अशा सर्वांना विनंती: स्वतःच्या आठवणी नकोत. ख्याल गाणाऱ्या तरुणांना उद्या सकाळी करून बघता येईल असं नेमकं लिहा. (प्रत्येक उत्तरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

खर्ज

सुरुवात पट्टीपासून. उठल्याउठल्या पट्टी ठरवू नका, तासभर जाऊ द्या. तंबोरा लावून ‘आ’कारात सावकाश खाली या. मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम हवेत विरून न जाता ऐकू यायला हवा. मग वर जा. तार (वरच्या सप्तकातल्या) गंधार-मध्यमावर आवाज न वाढवता उभं राहता आलं पाहिजे. खाली पंचम हरवत असेल तर पट्टी खाली गेली आहे. वरचा गंधार फक्त जोरातच लागत असेल तर ती चढी आहे. सकाळ-संध्याकाळ असं तीन दिवस बघा आणि मगच ठरवा. पुरुषांचे गळे बहुधा पेटीच्या पांढरी एक ते काळी दोन यांत बसतात, बायकांचे पांढरी चार ते काळी पाच यांत. पण हा अंदाज आहे, नियम नव्हे.

बिघडतं ते असं: गुरूच्या पट्टीत शिकल्यामुळे तीच आपली वाटते. किंवा मंचावर अर्धा सूर चढा घेतला की आवाज चमकतो, टाळी लवकर येते. तोच अर्धा सूर दीड तास पेलताना गळा आवळतो आणि मग ताना जबड्यातून निघायला लागतात.

दुसरी गोष्ट नकलेची. पहिली चार-पाच वर्षं नक्कल हवीच, त्याशिवाय गायकी अंगात उतरत नाही. पण शिष्य बहुतेकदा गुरूच्या साठीतल्या गळ्याची नक्कल करतो. वयाने आलेला कंप, अपुरा श्वास, नाकातला स्वर हे सगळं पंचविशीच्या गळ्यात येतं आणि त्यालाच घराणं म्हटलं जातं. उपाय कष्टाचा आहे. एक बंदिश घ्या, पंधरा दिवस तिच्यात एकही तान घेऊ नका, फक्त बोल आणि आलाप. रोज ध्वनिमुद्रण करा. कागदावर दोन रकाने पाडा: गुरूकडून जशीच्या तशी आलेली जागा (स्वरांचं खास वळण), आणि श्वासाच्या ओघात आपोआप आलेली जागा. उसनी जागा टाकायची नाही. ती आपल्या श्वासाच्या लांबीने पुन्हा म्हणायची. जी बसते ती ठेवायची.

कुमार गंधर्वांचं उदाहरण इथे खरंच अभ्यासण्यासारखं आहे. लहानपणी ते मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवत आणि कौतुक त्याचंच होई. मग मुंबईत गायनगुरू बी. आर. देवधर मास्तरांकडची तालीम, पुढे क्षयाचा आजार, देवासला काही वर्षं गाणं बंद. पुन्हा गायला लागल्यावर त्यांनी आपल्या श्वासाच्या मापाची, छोट्या झेपांची गायकी उभी केली. माळव्यातली लोकगीतं कान देऊन ऐकली, लिहून घेतली. त्यांच्या झेपा उचलणारे पुष्कळ झाले. उचलण्यासारखी होती ती पद्धत.

जोडीची तार

वर खर्ज यांनी तंबोऱ्याचा उल्लेख केला म्हणून लिहितो. मंचावर फोनमधला तंबोरा लावून गाणं सोयीचं आहे, पण त्यात लावण्याचं काम सुटतं, आणि कान तयार होतो तो लावतानाच.

क्रम असा: आधी जोडीतली (मधल्या दोन षड्जाच्या तारांतली) एक तार पट्टीला मिळवा. मग दुसरी तिच्याशी. दोन्ही एकत्र छेडल्यावर येणारी लाट पूर्ण थांबेपर्यंत सोडू नका. मग खर्ज (खालच्या षड्जाची तार), शेवटी पंचमाची तार. मालकंस रागाला पंचमाऐवजी मध्यम, मारवा-पूरिया रागांना निषाद. मोठा फरक खुंटीने, बारीक तारेत ओवलेल्या मण्याने. तार गोड लागूनही बंद वाटत असेल तर घोडीवरचा (तारा टेकतात त्या पट्टीवरचा) जवारीचा, म्हणजे तारेला झणकार देणारा, दोरा केसभर पुढेमागे सरकवा. एका ठिकाणी आवाज एकदम उमलतो, तिथे थांबा.

वातानुकूलित सभागृहात वाद्य उतरतं किंवा चढतं. गवसणी काढून अर्धा तास आधी मंचावर ठेवा आणि मगच लावा. घाईत पडद्यामागे लावलेला तंबोरा दहा मिनिटांत बोलणं सोडतो. मग गाणारा पेटीकडे बघून गातो.

मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आनंद आहे. पण वाद्य घेताना मानांकनाआधी जवारी ऐका. तुमच्याच पट्टीत लावून घ्या. पुरुषी पट्टीचा मोठा तंबोरा पांढरी पाचपर्यंत ताणला तर तारा तुटतात, सैल सोडला तर आवाज बसतो.

विलंबित

मोठ्या महोत्सवात नव्या गायकाला पाऊण तास मिळतो. घसरण इथे होते, म्हणून हिशेब मांडते.

विलंबित (संथ) एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे बारा मात्रांची एक फेरी, ४८ सेकंदांचं धरा, म्हणजे मात्रेला चार सेकंद. २० मिनिटांत २५ आवर्तनं. पहिली आठ मंद्र आणि षड्जाच्या आसपास, पुढची सात गंधार ते पंचम, त्यापुढची पाच धैवत-निषाद, आणि एकविसाव्याला तार षड्ज. उरलेल्यांत बोल-ताना (बंदिशीच्या शब्दांवरच्या ताना) आणि ताना. मग द्रुत दहा मिनिटं, एखादं पद सात-आठ मिनिटं. बाकीचा वेळ वाद्यं लावण्यात आणि निवेदनात जातो. तो धरला नाही तर पदावर गदा येते.

घाबरलेला गायक पाचव्या आवर्तनाला तार षड्ज लावतो. टाळी पडते. आता २० आवर्तनं उरलीत आणि हातात काही नाही, म्हणून सरगमांची आतषबाजी सुरू होते. पुढच्या कार्यक्रमाला श्रोते तेच मागतात. वेळ फारच कमी असेल तर लय वाढवा. मध्यलय झपताल किंवा रूपक घ्या, पण बढतीच्या (राग टप्प्याटप्प्याने वाढवण्याच्या) पायऱ्या गाळू नका.

कमी वेळात गाणं म्हणजे तडजोड, असं मला वाटत नाही. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मिळत. केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी तेवढीच आहे, १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली ती हीच. तिच्यात घाई कुठेच नाही. रीलसाठीही हेच करा: नव्वद सेकंदांत एकच स्वरसमूह पूर्ण मांडा, अख्खा राग कोंबू नका.

ध्वनिवाला

माइक ओठांपासून एक वीत. तो चिकटला की खालचा स्वर आयता फुगतो आणि गाणारा मंद्रात छाती वापरणं सोडून देतो. महिनाभरात बिनमाइकचा खर्ज नाहीसा होतो. मॉनिटरमध्ये (गाणाऱ्याकडे वळवलेल्या स्पीकरमध्ये) आधी तंबोरा, मग आपला आवाज, तबला अगदी कमी. स्वतःचं ऐकू आलं नाही की माणूस नकळत ओरडतो. प्रतिध्वनी श्रोत्यांकडच्या स्पीकरला हवा तर द्या, मॉनिटरला अजिबात नको, तो कणसूरपणा (सूर किंचित हुकणं) झाकतो.

पेटीवाला

पट्टी, राग आणि ताल दोन दिवस आधी कळवा. ऐन वेळी पट्टी बदलण्यात मोठेपणा नाही. दरबारी रागाचा आंदोलित (झुलता) गंधार पेटीत नाही. तिथे पेटीला थांबायला आधीच सांगा, नाहीतर तुम्हीच पेटीच्या गंधारावर याल. आणि साथीदारांचं मानधन आयोजकाशी बोलतानाच वेगळं ठरवा, त्याच रात्री हातात द्या.

काळीचार

खर्ज दादा, पट्टीचं पटलं. मोसमाबद्दल थोडं. डिसेंबर-जानेवारीत लागोपाठ कार्यक्रम घेतले की रियाज म्हणजे कार्यक्रमाची तयारी एवढंच उरतं. आठवड्यातले दोन दिवस असा राग गा जो कुठेच सादर करायचा नाही. फर्माइशींची यादी होकार देतानाच आयोजकाला पाठवा: ही पदं गाईन, ही नाही. मंचावर नकार देणं जड जातं, पत्रात सोपं असतं.

आवाज बसला तर कुजबुजूनही बोलू नका, त्यानेही ताण येतो. दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन स्वरतंतू दाखवून घ्या. काढे घेत गात राहू नका.

खर्ज

काळीचार ताई, बरोबर. आणि ध्वनिमुद्रण ऐकायचं ते त्याच रात्री नव्हे, तीन दिवसांनी, चित्र बंद करून. टाळ्या कापून टाका, मग ऐका.