तिरखुऱ्याचा नाच, फुटाळ्याचं रील: त्रास नेमका झाला कोणाला?

काळाकोट_सिव्हिललाईन्स:

आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवापासून धुमाकूळ चालू आहे. दुसऱ्या मजल्यावरची कॉलेजात जाणारी मुलगी संध्याकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर जाऊन नाचाचं रील काढते. एका काकांनी ते रील ग्रुपवर टाकलं (म्हणजे ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांचीही सोय झाली) आणि खाली लिहिलं, "हे अश्लील चाळे थांबलेच पाहिजेत, सगळ्यांच्या सह्यांनिशी तक्रार देऊ." मी वकील, म्हणून अर्जाचा मसुदा माझ्याकडे आला. मी सही केली नाही, त्यामुळे सध्या लिफ्टमध्ये माझ्याशी कोणी बोलत नाही. म्हणून इथे बोलतो.

आपल्याच खंडपीठाचा एक निकाल आठवा. मे २०२३ मध्ये उमरेडजवळ तिरखुऱ्याच्या एका रिसॉर्टवर पोलिसांनी धाड घातली. हॉलमध्ये आखूड कपड्यांतल्या मुली नाचत होत्या, समोर काही पुरुष बसून पैसे उधळत होते. बघणाऱ्यांवर भारतीय दंड संहितेच्या कलम २९४ खाली गुन्हा. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. कारण सोपं होतं. २९४ मध्ये नुसतं अश्लील कृत्य पुरत नाही, त्याने इतरांना त्रास व्हावा लागतो. त्रास झाला असं म्हणणारं हॉलमध्ये कोणीच नव्हतं. फिर्यादी होते पोलीसच. अश्लील काय हे पोलीस अधिकाऱ्याच्या वैयक्तिक मतावर सोडता येणार नाही, असं न्यायमूर्तींनी लिहिलं. असे कपडे सेन्सॉरने पास केलेल्या सिनेमातही दिसतात, तिथे कोणाला त्रास होत नाही, हेही लिहिलं.

आता गंमत बघा. २९४ च्या जागी नव्या भारतीय न्याय संहितेत २९६ आलं, 'त्रास' ही अट तशीच राहिली. पण तोच नाच फोनवर गेला की माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ लागतं, आणि तिथे त्रासाची अटच नाही. शिक्षाही बघा. अश्लील चित्र कागदावर छापून विकलं तर पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. तेच ऑनलाईन टाकलं तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. वस्तू तीच, पाटी बदलली की भाव शंभरपट.

माझं म्हणणं एवढंच की ऑनलाईनलाही तीच अट लावा. त्रास कोणाला झाला ते दाखवा. आणि तेच रील चौदा वेळा उघडून पाहणारा माणूस त्यात धरू नका.

महालचा_मास्तर:

वकीलसाहेब, हॉलला दार असतं. पैसे मोजून आत बसलेल्यांना त्रास झाला नाही, हे समजायला हायकोर्ट लागत नाही. फोनला दार कुठे आहे?

माझा नातू सहावीत आहे. त्याला गणिताचा व्हिडिओ लावून दिला आणि चष्मा शोधायला आत गेलो. परत येईतो अपूर्णांक संपले होते आणि पडद्यावर जे चाललं होतं ते मी इथे लिहिणार नाही. त्याने शोधलं नव्हतं, आपसूक पुढे आलं. तो काही फिर्याद द्यायला येणार नाही, कारण आपल्याला त्रास झाला हेच त्याला कळायचं वय नाही. तुमच्या कसोटीवर तो नापास, आणि दाखवणारा पास.

दुसरं. घटनेतलं १९(१)(अ), म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य, सगळ्यांना पाठ असतं. त्याच्याच खाली १९(२) आहे आणि त्यात सभ्यता आणि नीतिमत्तेच्या आधारावर वाजवी निर्बंध घालता येतात. हे काही तुमच्या ग्रुपवरच्या काकांनी घटनेत घुसवलेलं नाही.

संत्र्याची_साल:

मास्तर, हे बरं आहे. फोन तुमचा, रिचार्ज तुमचा, चष्मा तुमचा हरवला, अन् जेलात जाईन ते फुटाळ्यावरची पोट्टी?

काकालोकांचं एकच आहे. जे आपल्याले आवडलं नाही ते अश्लील. २०१२ मध्ये पालघरात दोन पोरींनी बंदबद्दल फेसबुकवर पोस्ट केली, लाइक केली, त उचलून नेलं त्यायले. तवा त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ होतं, ऑनलाइन त्रासदायक लिहिलं त जेल. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते कलमच उडवलं. मंग आता हातात काय उरलं? ६७. हातोडी बदलली, खिळा तोच आहे ना बे.

महालचा_मास्तर:

त्याच निकालात कोर्टाने ६७ ला हात लावलेला नाही. ६६-अ चे शब्द मोघम होते म्हणून ते गेलं. वाचून या, मग 'बे' म्हणा.

संत्र्याची_साल:

हाव जी, 'बे' मागे घेतो. खिळा तोच आहे.

झाडीचा_नट:

मी झाडीपट्टीत, म्हंजे पूर्व विदर्भातल्या नाटकात, काम करतो, तेवीस सीझन झाले. दिवाळी झाली का वडशाले जायचं, तिथून गावोगावी. आमचं नाटक रात्री पडदा उघडला का पहाटेलोक चालते. समोर बाया-लेकरं, म्हातारे, सासू शेजारी बसलेली सून, सगळे. त्यात विनोदी नट बोलते ते काय शाळेच्या प्रार्थनेतलं बोलते का? खडीगंमत, आमच्याकडचा तमाशा, पाहिली असन त माहीत असन. दोन अर्थाचा शब्द टाकला का बायाच पहिले पदर तोंडाले लावून हासतात. त्रास? आजपर्यंत कोनी उठून गेला नाही. हां, लाडू-चिवड्याच्या दुकानाकडे जाते, ते अलग.

दोन सालाआधी एका पोट्ट्यानं आमच्या नाटकातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा मोबाइलवर काढून टाकला. माहं अन् माह्या नाटकातल्या बायकोचं भांडन. त्याच्या पुढं ते बाई मरते, पूर्ण मंडप रडते. ते नाही टाकलं. खाली पंधराशे लोकायनं लिहिलं, हेच का तुमचं झाडीचं नाटक, लाज नाही वाटत. त्यातले वडशाचे किती असतीन? पुन्याचे, मुंबईचे, एक त दुबईचा होता.

म्हनून वकीलसाहेब, मले तुमचा 'त्रास' पन नाही समजत. मंडपात त्रास शून्य, दुबईत त्रासच त्रास. कोनाचा मोजाल?

पन एक बात मास्तरच्या बाजूनं सांगतो. शंकरपटाच्या, म्हंजे बैलाच्या शर्यतीच्या, गावी जे डान्स हंगामा लावतात ना, त्याच्यावर कायदा पायजेच. त्यात नाचनाऱ्या पोरीले दारू पाजून स्टेजवर सोडलेलं मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. अन् आमचं पब्लिक तिकडं जाते हेही खरं, खोटं कायले बोलू.

काळाकोट_सिव्हिललाईन्स:

दादा, तुमच्या तुकड्याचं उत्तर कायद्यात आहे आणि त्याची वाट बरीचशी मराठीनेच बांधली आहे. सुप्रीम कोर्टाने १९६४ मध्ये इंग्लंडची १८६८ सालची हिक्लिन कसोटी स्वीकारली होती, तो खटला मुंबईतल्या पुस्तकविक्रेत्यावरचा. कमकुवत मनाच्या वाचकावर काय परिणाम होईल, एवढंच ती कसोटी विचारायची. पाचच वर्षांनी, १९६९ मध्ये, 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या एका कथेचा खटला तिथे पोचला आणि लेखक सुटला. समाजाचे मापदंड बदलतात, किशोरवयीन वाचकाच्या मापाने सगळं साहित्य कापता येत नाही, असं कोर्ट म्हणालं. मास्तर, तुमच्या नातवाचा मुद्दा तेव्हाही आला होता बरं का. शेवटी २०१४ मध्ये हिक्लिन अधिकृतपणे गेली आणि समकालीन समाजाचा मापदंड आला. तुकडा नाही, पूर्ण कलाकृती बघायची. आणि मार्च २०२४ मध्ये एका वेब मालिकेच्या खटल्यात कोर्टाने सांगितलं की शिवराळ भाषा म्हणजे अश्लीलता नव्हे.

महालचा_मास्तर:

सोयीचे तेवढे निकाल सांगितलेत. कवी वसंत गुर्जरांच्या गांधींवरच्या कवितेचा २०१५ चा निकाल का वगळलात? कविता बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंकात १९९४ मध्ये आली. एकवीस वर्षांनी कोर्टाने अंकाच्या प्रकाशकाला सोडलं, कवीला म्हणाले, खटल्याला सामोरे जा. म्हणजे मापदंड बदलतात हे खरं, पण नेहमी तुमच्याच दिशेने बदलतात असं नाही.

आणि मी काही सोवळं नेसून बसलेलो नाही. मारबत, म्हणजे मिरवणुकीने नेऊन जाळतात तो बाईचा पुतळा, माझ्या घरासमोरून जाते. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बडग्यांच्या (पुरुषांच्या पुतळ्यांच्या) पुढे लोक काय काय ओरडतात ते मी लहानपणापासून ऐकतो, मंत्र्यापासून महापालिकेपर्यंत कोणाला सोडत नाहीत. माझी आई गच्चीतून ऐकायची आणि हसायची. शिमग्याचंही तेच. पण आपल्या माणसांनी शिवीलाही तिथी दिली होती. दुसऱ्या दिवशी मारबत जळलेली असायची आणि तोच माणूस आईला 'माय' म्हणून हाक मारायचा. आता तिथीच उरली नाही, वर्षाचे ३६५ दिवस शिमगा. मला शब्दाचं काही नाही, मला या न संपण्याचं आहे.

संत्र्याची_साल:

मास्तर, हे तुमचं तिथीवालं भारी आहे. पटलं नाही, पण भारी आहे.

सदरची_सई:

इतका वेळ वाचते आहे. काळाकोट, मास्तर, नट, सगळे बघणाऱ्याबद्दल भांडताय. बघणाऱ्याला त्रास झाला का, त्याचं मन बिघडलं का, तो वडशाचा की दुबईचा. जिचा फोटो आहे तिला कोणी विचारलं?

माझी मावसबहीण. तिच्या चेहऱ्याखाली दुसऱ्या बाईचं उघडं शरीर जोडून कोणीतरी तिच्या कॉलेजच्या ग्रुपांवर फिरवलं. चेहरा घेतला होता दहावीच्या निरोप समारंभाच्या फोटोतून, मोरपंखी साडी, मीच नेसवली होती. आम्ही ठाण्यात गेलो. तिथल्या माणसाने पुस्तक चाळून सांगितलं, ६६-ई लागत नाही, ते परवानगीशिवाय काढलेल्या खासगी अवयवांच्या फोटोचं कलम, आणि "अंग तर तुमचं नाहीच ना मॅडम". हे बोलताना त्याला आपण काही वाईट बोललो असं वाटलंही नसावं. मग ६७ लावलं. अश्लील मजकूर.

६७ ची भाषा वाचा. कामुक आहे का, वासना चाळवते का, वाचणाऱ्या-बघणाऱ्याला भ्रष्ट करील का. तिच्याबद्दल एक शब्द नाही. ती मुळात यात पीडित नाहीच, ती त्या घाणेरड्या वस्तूचा भाग आहे. पंचनाम्यात तिच्या नावापुढे लिहिलंय 'हिचे अश्लील छायाचित्र'. तिने तो कागद वाचला आणि मला म्हणाली, ताई, यांनीही तेच लिहिलं ना, जे त्या मुलाने पसरवलं.

कायदा नको असं मी म्हणत नाही, ६७ नसतं तर आम्ही हात हलवत परत आलो असतो. पण 'तिला न विचारता' हा गुन्हा 'बघायला घाण आहे' या गुन्ह्याच्या पिशवीत कोंबलाय. म्हणून फुटाळ्याच्या मुलीने स्वतः, स्वतःच्या मर्जीने टाकलेलं रील आणि माझ्या बहिणीचं ते चित्र एकाच कलमात जाऊन बसतात. निदान काकांच्या डोक्यात तरी.

बिनधास्त_९९:

पण पोरींनी आपले फोटो टाकायचेच काऊन? टाकले नसते त झालंच नसतं.

महालचा_मास्तर:

दहावीच्या निरोप समारंभाचा फोटो होता, वाचता येतं ना? मी पस्तीस वर्षं असले समारंभ केले, फोटो शाळाच काढते. तुमच्या न्यायाने आता मुलींनी दहावीही होऊ नये. तोंड सांभाळा.

संत्र्याची_साल:

मास्तर!! 🙏

काळाकोट_सिव्हिललाईन्स:

सई, माझी 'त्रास' कसोटी तुमच्या बहिणीपाशी मोडते, मान्य. मी 'इतरांना' हाच शब्द धरून बसलो, आणि ती त्या 'इतरांत' बसतच नाही.

संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्व्यांचा खटला मी नेहमी दुसऱ्या बाजूने सांगतो. आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. विचारणारा सज्ञान, उत्तर देणारा राजी, तरी खटला हरले. नव्वद वर्षं झाली. तेव्हाही कायदा फक्त तिसऱ्यालाच विचारत होता, तुझं मन मळलं का?

पण डान्स हंगाम्याबद्दल नटदादांशी मी अर्धाच सहमत आहे. दारू पाजून नाचवणं हा अश्लीलतेचा गुन्हा नाही, तो जबरदस्तीचा आहे. अश्लील म्हटलं की नाचणारी पोरगीच आधी पकडली जाते. आयोजकाची गाडी तोवर भिवापूर पार करते.

झाडीचा_नट:

हे त रोजचंच आहे.

महालचा_मास्तर:

सईताई, तुमच्या बहिणीला माझा आशीर्वाद सांगा. परवानगीचं वेगळं कलम हवं, त्याला माझी हरकत नाही. पण त्याने माझ्या नातवाचा प्रश्न सुटत नाही आणि मी माझी जागा सोडत नाही. मी त्या इमारतीत राहत असतो तर कदाचित अर्जावर सही केली असती.

फक्त वकीलसाहेब, एक विचारायचं राहिलं. ते रील काकांनी ग्रुपवर टाकलं म्हणालात. त्या मुलीला विचारलं होतं?

काळाकोट_सिव्हिललाईन्स:

नाही. ती ग्रुपमध्येच नाही, तिचे वडील आहेत.

सदरची_सई:

आणि आहे अजून तिथे?

काळाकोट_सिव्हिललाईन्स:

आत्ता उघडून पाहिलं. आहे. काल संध्याकाळी एकाने पुन्हा टाकलंय, ज्यांचं सुटलं असेल त्यांच्यासाठी, सही करण्याआधी बघून घ्या म्हणून.