वादळानंतर कच्च्या रस्त्यावरून बाईक कशी काढता?

वळणवाट:
नमस्कार मंडळी, कामावर जायचा माझा जवळचा रस्ता आतला आहे, पूर्ण कच्चा, थोडा मुरूम, बरीचशी चिकट माती, मध्ये दोन मोऱ्या आणि एक ओढा. एरवी काही त्रास नाही पण रात्री वादळ होऊन गेलं की सकाळी रस्ता ओळखू येत नाही, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल झालेल्या, फांद्या आडव्या पडलेल्या, वळणावर सगळी खडी वाहून आलेली. गाडी १५० सीसीची साधी, पुढे डिस्क मागे ड्रम, टायर ट्यूबवाले, गाडीबरोबर आलेलेच. मागचं चाक सारखं बाजूला पळतं आणि पुढचं चाकोरीत अडकतं. अगदी हळू घेतली तर तोल जातो आणि जोरात घ्यायची भीती वाटते. टायरची हवा कमी करावी का? ओढ्याला पाणी असेल तर कितीपर्यंत गाडी घालायची? मोठा रस्ता आहे पण फार लांबून फिरून जातो म्हणून विचारतोय. जे नेहमी असं चालवतात त्यांनी जरा सविस्तर सांगा.

दुसरा_गिअर:
भाऊ, सगळ्यात आधी एक करा, वादळानंतरच्या पहिल्या फेरीला हा आपला रोजचा रस्ता आहे हे डोक्यातून काढून टाका. ओळखीच्या रस्त्यावर हात सवयीने गाडी वळवतात आणि काल जिथे टणक होतं तिथली माती आज गेलेली असते. मोऱ्यांचं तर फार जपा. पाणी पाइपाच्या बाहेरून वाट काढतं आणि आतली भर वाहून नेतं, वरून रस्ता सलग दिसतो पण खाली पोकळ झालेलं असतं. वर लांबट भेग किंवा नवीन खळगा दिसला की गाडी अलीकडेच लावायची आणि बाजूने खाली उतरून वाकून बघायचं, पाइपाच्या वरच्या मातीत भगदाड दिसलं तर परत फिरा, तिथे विचार करत बसू नका. सगळं ठीक दिसलं तरी मधोमधच जायचं, कड कधीही सुटते.

आता चाकोरी. आत गेलात तर आतच राहा. तिरकं करून बाहेर काढायला गेलं की पुढचं चाक कडेला घासत राहतं, वर चढत नाही, आणि गाडी आडवी होते. बाहेर यायचंच असेल तर कड जिथे बसलेली आहे तिथपर्यंत थांबा आणि मग थोडा मोठा कोन घेऊन, जरा गॅस देऊन चढवा. नजर चाकासमोर नको, लांब ठेवा, जिथे बघाल तिथे गाडी जाते हे चाकोरीत तर शंभर टक्के खरं आहे. हात सैल, गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची, फूटरेस्टवर भार देऊन सीटवरून किंचित उठायचं म्हणजे गाडी खाली हलली तरी तुम्ही हलत नाही.

चिखलात शक्यतो दुसरा गिअर, पहिल्यात जरा गॅस दिला तरी मागचं चाक फिरतं. स्पीड कमी पण एकसारखा पाहिजे. गॅस एकदम सोडू पण नका, इंजिनमुळे चाक अडतं आणि मागची बाजू सुटते. पुढचा ब्रेक गाडी सरळ असतानाच आणि एका बोटाने, वळणावरच्या खडीत तर त्याला हातच लावायचा नाही, स्पीड जो कमी करायचा तो वळणाच्या आधी.

हवेचं म्हणाल तर ४-५ पीएसआय कमी केली की चिखलात पकड वाढते, पण ट्यूबवाल्या टायरची फार कमी केली तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. शिवाय पुढे डांबरी लागलं की परत भरायला पंप जवळ हवा. माझं मत, रोजच्या जाण्यायेण्याला हवेशी खेळू नका, त्यापेक्षा खोल खाचांचे टायर टाका, फरक लगेच कळेल.

काठाकाठाने:
वरचं सगळं पटलं, मी फक्त ओढ्याबद्दल लिहितो. वाहतं पाणी आणि साचलेलं पाणी ह्यात जमीन अस्मानाचा फरक आहे. जोरात वाहणारं पाणी १५ सेंटीमीटर असलं तरी उभ्या माणसाचे पाय सुटतात, ३० सेंटीमीटरला छोटी कार वाहून जाऊ शकते, मग दुचाकीचं काय घेऊन बसलात. पाणी वाहत असेल तर लांबचा रस्ता घ्या नाहीतर उतरायची वाट बघा. साचलेलं असेल तर गाडी लावा, काठी घ्या आणि आधी चालत पलीकडे जाऊन या, तळाला दगड आहेत की गाळ ते पायालाच कळतं. चाकाच्या आसाच्या खाली पाणी असेल तर पहिला गिअर, हाफ क्लच, गॅस एकसारखा धरून सरळ बाहेर.

आणि मध्येच बंद पडली तर कृपा करून स्टार्टर मारत बसू नका. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. ढकलत बाहेर काढा, प्लग काढा, प्लगशिवाय किक मारून आतलं पाणी उडवा, फिल्टर ओला आहे का बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर बदलल्याशिवाय गाडी चालू करायची नाही. नीट बाहेर आलात तरी मागचा ड्रम भिजलेला असतो, ब्रेक हलका दाबून धरून थोडं अंतर जा म्हणजे लायनर सुकतील.

विजेची_तार:
तारांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितोय. फांदी पडली असेल तर तिच्यात तार अडकली आहे का ते आधी लांबूनच बघा, ओढून बाजूला करायला धावू नका. तार तुटून पडलेली दिसली तर किमान १० मीटर लांब थांबा, ओल्या जमिनीतून करंट पसरतो, तारेला हात लागलाच पाहिजे असं नाही. वीज कंपनीला फोन करा आणि मागून येणाऱ्यांना थांबवा. गडगडाट चालू असेल तर निघूच नका, शेवटचा आवाज ऐकल्यावर ३० मिनिटं तरी जाऊ द्या.

वळणवाट:
खूप आभार सगळ्यांचे, मोरीच्या खाली वाकून बघायचं कधी सुचलंच नसतं. अजून एक, चिकट माती पुढच्या मडगार्डमध्ये भरून चाक जाम होतं त्याला काय करता? आणि कधी कधी बायको मागे असते.

दुसरा_गिअर:
मडगार्ड आणि टायरमध्ये जागा कमी असली की हे होणारच. वर उचलून बसवता येतं का ते मेकॅनिकला विचारा, नाहीतर एक चपटी पट्टी गाडीला बांधून ठेवा आणि चाक जड वाटायला लागलं की लगेच थांबून खरवडा, पूर्ण जाम व्हायची वाट बघू नका. थांबताना साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवा, नाहीतर स्टँड रुतून गाडी आडवी पडते. घरी आल्यावर माती वाळायच्या आत धुवा, पण पाण्याचा जोराचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर धरू नका, ग्रीस निघून जातं. चेन पुसून तेल द्या आणि फार ताणून ठेवू नका, चिखल भरला की ती आणखी ताणते.

वहिनींना चिखलाच्या पट्ट्याआधी उतरवा आणि पलीकडे बसवा. मागे वजन असलं की पुढचं चाक हलकं होतं आणि चाकोरीत ऐकत नाही, आणि ओढ्यात तर डबल सीट नकोच.