बंदुकांच्या बाबतीत भाषणं नकोत, सह्या बघा

ओहायोकर: काल टेक्सासच्या पाटलांनी लिहिलं, "रिपब्लिकन बंदूक वाचवतात, डेमोक्रॅट हिसकावून घेतात, यात तपासायचं काय?" ते वाचून झोप उडाली, म्हणून हा वेगळा धागा.

पाटील, सही कुणी कशावर केली ते बघा. रिपब्लिकन रेगन यांनी १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना भरलेली बंदूक उघड घेऊन फिरायला बंदी घातली, कारण ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे लोक तशा फिरवत होते. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष असताना बंदूकधारकांच्या बाजूचा म्हणून जो कायदा त्यांनी केला, त्यातच नव्या मशीनगन सामान्य माणसाला मिळणं बंद झालं. १९९४ मध्ये फोर्ड आणि कार्टर या माजी अध्यक्षांसोबत असॉल्ट रायफलींवरच्या बंदीला पाठिंब्याचं पत्र दिलं, ते पण रेगनच. लास वेगासच्या गोळीबारानंतर बंप स्टॉकवर (रायफल मशीनगनसारखी झटपट झाडू देणारा जोड) बंदी आणली ती ट्रम्प यांच्या प्रशासनाने. आणि राष्ट्रीय उद्यानात बंदूक न्यायची मुभा २००९ मध्ये कुणाच्या सहीने मिळाली? ओबामांच्या. क्रेडिट कार्डांच्या कायद्याला ते कलम जोडलेलं होतं, पण सही ती सहीच. डाव्यांचे लाडके बर्नी सँडर्स तर ब्रेडी कायद्याच्या, म्हणजे बंदूक विकण्याआधी गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासण्याच्या कायद्याच्या, विरोधात मत देऊन बसलेत.

टेक्सासी पाटील: सोयीचं तेवढं वेचलंत. १९९४ च्या बंदीवर सही क्लिंटन यांची. २००४ मध्ये तिची मुदत संपली, ती वाढवली नाही रिपब्लिकनांच्या ताब्यातल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने. २००५ मध्ये बंदूक कंपन्यांना खटल्यांपासून संरक्षण दिलं धाकट्या बुशनी. बंदुकीच्या सायलेन्सरवरचा १९३४ पासूनचा २०० डॉलरचा कर २०२६ पासून शून्य, तो कुणी केला?

आणि मुख्य मुद्दा तुम्ही गाळलात : सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. बंदूक बाळगणं हा घटनेने दिलेला वैयक्तिक हक्क, असं सांगणारा हेलर निकाल २००८ चा, ५ विरुद्ध ४. घराबाहेरही ती जवळ बाळगण्याचा हक्क मानणारा ब्रुएन २०२२ चा, ६ विरुद्ध ३, त्या सहांत ट्रम्प यांनी नेमलेले तिघे. तुमची ती बंप स्टॉकबंदी याच कोर्टाने २०२४ मध्ये उडवली. सही एका दिवसाची असते, न्यायाधीश तीस वर्षं बसतो.

रांगेतला: तुमचं चालू द्या, पण माझ्यासारख्या एचवनबीवाल्याचं, नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्याचं, काय? व्हिसावर आहे म्हणून बंदूक बाळगणं फेडरल गुन्हा. शिकारीचं लायसन्स काढलं की चालतं! बारा वर्षं कर भरतोय, शेजारी दोनदा घर फुटलं, आणि घर राखायला मी आधी हरणं मारायला शिकायचं? यावर एकाही पक्षाचा नेता बोलत नाही.

माई (न्यू जर्सी): बंदूक नाही म्हणून रडू नका. एका दिवाळीला ओळखीच्यांकडे फराळाला गेलो होतो. सगळ्यांचे कोट आतल्या खोलीत पलंगावर. माझी नात, वय वर्षं पाच, कोटातली बाहुली आणायला गेली आणि उशाकडचा खण उघडला. हातात पिस्तूल घेऊन बाहेर आली, "आजी, हे बघ." भरलेलं होतं. हातातली चकलीची बशी कधी पडली मला कळलं नाही. तेव्हापासून कुणाकडेही मुलं पाठवण्याआधी मी विचारते, घरात बंदूक आहे का, असली तर कुलपात आहे का.

टेक्सासी पाटील: माई, ते घर बेजबाबदार होतं. पण त्यापायी प्रत्येक यजमानाची झडती घेणार? माझी तिजोरीत असते. मला जेवायला येणाऱ्याने असं विचारलं तर मला अपमान वाटेल.

नाशिकची सून: वाटू दे की! शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का ते विचारता, कुत्रा चावतो का ते विचारता. बंदुकीचं नाव काढलं की मान दुखावतो?

टेक्सासी पाटील: कुत्रा घटनेत नाही.

ओहायोकर: आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी, रीतसर परवान्याची. निवडणूक लागली की स्वतः जाऊन पोलीस ठाण्यात जमा करायचे. अपमान झाला असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

टेक्सासी पाटील: तिथे कलेक्टरची मेहरबानी, इथे नागरिकाचा हक्क. हा फरक कळत नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

माई (न्यू जर्सी): हक्काबद्दल मला शिकवू नका, मी पण इथली नागरिक आहे. टेक्सासात युवाल्डीच्या शाळेतल्या गोळीबारात १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. महिन्यात कायदा झाला, २१ वर्षांखालच्यांची कसून तपासणी आली. बायडन यांची सही, पण १५ रिपब्लिकन सेनेटरांची मतं होती आणि वाटाघाटीत पुढे तुमच्याच टेक्सासचे रिपब्लिकन सेनेटर कॉर्निन होते.

टेक्सासी पाटील: आणि त्यासाठीच ह्यूस्टनला पक्षाच्या अधिवेशनात त्यांची हुर्यो उडवली. बरं, कॉर्निन यांचं मान्य. रेगन यांचं १९८६ पण मान्य. न्यायाधीशांवर मात्र ओहायोकर अजून गप्प आहेत.

ओहायोकर: तो मुद्दा तुमचा. मी धरायला हवा होता. पण मग २०२४ चा रहीमी निकालही धरा. घरगुती हिंसाचाराचा कोर्टाचा आदेश असलेल्याला बंदूक बाळगू न देणं योग्य, ८ विरुद्ध १. ट्रम्प यांचे तिघेही त्या आठांत.

रांगेतला: माझ्या प्रश्नाला अजून कुणी हात लावलेला नाही.

माई (न्यू जर्सी): पाटील, पुढच्या महिन्यात आम्ही डॅलसला लेकीकडे येतोय. नातवंडं घेऊन तुमच्याकडे आले तर मी विचारणार. राग आला तर येऊ दे.

टेक्सासी पाटील: विचारा. तिजोरी उघडून दाखवतो. फक्त चारचौघांत विचारू नका, आधी फोन करा.